डोळ्यातील द्रवाच्या तपासणीची सोय सरकारी रुग्णालयांत हवी

महोदय,

पावसाळ्यात डोळे येण्याची साथ पसरली की वृत्तपत्रे तिच्याविषयी भरपूर लिहितात आणि ते आवश्यकही आहे. मात्र तशाच लालीआड दडणाऱ्या युव्हिआयटिसचा, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला येणाऱ्या सुजेचा, उल्लेख क्वचितच होतो. यात चिपडे येत नाहीत. डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही आणि नजर धूसर होते. संधिवात असलेल्या लहान मुलांमध्ये तर डोळा वरून पांढराशुभ्र दिसत असतानाच आतून दृष्टी खालावत जाते.

स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्राच्या अरुंद झोतात तज्ज्ञांना डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात, कवडशात धूलिकण दिसावेत तशा. पण सूज आहे एवढेच त्यावरून कळते, ती कशामुळे आली हे नव्हे. क्षयरोग, नागीण, सिफिलिस, लेप्टोस्पायरोसिस किंवा स्वतःचीच बिथरलेली प्रतिकारशक्ती, यांपैकी काहीही मुळाशी असू शकते. मदुराई परिसरात 1993 च्या पुरानंतर युव्हिआयटिसचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा त्यांच्या डोळ्यातील द्रवाच्या पीसीआर तपासणीत, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत, लेप्टोस्पायरा या लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूचा माग लागला. दर पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण पाहणाऱ्या कोकणाने आणि मुंबईने ही घटना विसरू नये.

पुढच्या कप्प्यात द्रव असतो जेमतेम पाव मिलिलिटर. त्यातील सुमारे 0.1 मिलिलिटर बारीक सुईने, डोळा थेंबांनी बधिर करून काढता येतो आणि तेवढा द्रव डोळा काही तासांत भरून काढतो. एवढ्याशा नमुन्यातून जंतूंचा डीएनए शोधता येतो, तसेच इंटरल्यूकिन-6, टीएनएफ-अल्फा यांसारखी, पेशींना सुजेचा निरोप देणारी प्रथिनेही मोजता येतात. टीएनएफला रोखणाऱ्या अॅडालिमुमॅब या औषधाला अमेरिकेत 2016 मध्ये जंतुसंसर्ग नसलेल्या युव्हिआयटिससाठी मान्यता मिळाली, ती याच समजुतीच्या बळावर. परंतु हेच औषध शरीरात सुप्त असलेला क्षय जागा करू शकते, त्यामुळे आपल्याकडे आधी क्षयाची तपासणी केल्याविना ते देणे धोक्याचे आहे.

या प्रथिनांच्या आकड्यांवरून आज प्रत्येक रुग्णाचे निदान होईल, असा माझा दावा नाही. वेगवेगळ्या कारणांच्या सुजेत तीच प्रथिने वाढलेली आढळतात. एका बाबतीत मात्र त्यांचा उपयोग ठळक आहे. उतारवयात, स्टेरॉइडने तात्पुरती ओसरून पुन्हा उलटणारी सूज कधीकधी प्रत्यक्षात डोळ्यातील लिम्फोमा, म्हणजे कर्करोग, असते आणि अशा वेळी द्रवात इंटरल्यूकिन-10 चे प्रमाण इंटरल्यूकिन-6 पेक्षा जास्त आढळणे हा मोलाचा इशारा ठरतो. तो वेळेवर न मिळाल्यास रुग्ण अनेक महिने स्टेरॉइडच घेत राहतो.

कोविडच्या काळात सरकारी प्रयोगशाळांमध्ये आलेली पीसीआर यंत्रे या कामी लावता येतील. त्यासाठी हवे आहेत द्रव काढण्याचे प्रशिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञ, नमुना थंड ठेवून वेळेत पोहोचवण्याची व्यवस्था आणि इतक्या कमी द्रवावर चालणाऱ्या चाचण्यांचे संच. वैद्यकीय शिक्षण विभागाने निदान प्रत्येक महसुली विभागातील एका शासकीय महाविद्यालयात ही सोय करावी आणि वारंवार उलटणाऱ्या किंवा उपचारांना दाद न देणाऱ्या युव्हिआयटिसच्या रुग्णांसाठी ती विनामूल्य ठेवावी, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी