नुसत्या पानाचा वेल होत नाही हो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत मनी प्लांट घरच्या घरी कसा वाढवायचा त्यावर एक चौकट आली होती, त्यात सरळ छापलंय की एक पान तोडा, पाण्यात ठेवा, महिन्याभरात नवा वेल तयार. एरवी मी पत्रबित्र लिहायच्या भानगडीत पडत नाही पण हे वाचून राहवलं नाही, कारण असंच कुठेतरी वाचून गेल्या वर्षी मी चांगली टवटवीत पाच पानं देठासकट खुडली, बाटलीत पाणी भरून त्यात ठेवली, आणि आज आठ महिने झाले तरी ती पाचाची पाचच आहेत.

बरं पानं सडली असती तर निदान कळलं तरी असतं. तसं नाही झालं. पाचातल्या तिघांच्या देठाला खाली मस्त पांढरी मुळं आली, मी आपली खूश, रोज सकाळी उठून बघायचं की कोंब आला का, आणि कोंब काही येईना. यातच माणूस फसतो, मुळं फुटली म्हणजे झाड लागलं असं आपण धरून चालतो. पण नवीन कोंब पानातून येतच नाही, तो येतो पान जिथे वेलाला चिकटलेलं असतं त्या बगलेतल्या डोळ्यातून, आणि आपण पान खुडतो तेव्हा तो डोळा मागे वेलावरच राहतो. उसाचं बेणं लावताना डोळा बघूनच कांडी तोडतात ना, तसंच आहे हे अगदी.

मग पाहिजे काय, तर पेर. वेल हातात घेऊन नीट बघा, प्रत्येक पानाच्या बुडाशी थोडा जाडसर भाग असतो आणि तिथे एक तपकिरी टोचरं टोक बाहेर आलेलं दिसतं, मला आधी वाटायचं की कीड लागलीय, चक्क नखाने खरवडून काढायचे मी ती! ती हवेतली मुळं असतात. त्या पेराच्या खाली साधारण एक सेंटीमीटर आणि वर थोडंसं खोड ठेवून कापायचं, धारदार कात्रीने, बोथट असेल तर खोड चेपतं आणि तिथून सडायला लागतं. पेर पाण्यात आणि पान मात्र पाण्याच्या वर. उबदार हवेत आठ ते पंधरा दिवसांत त्याच तपकिरी टोकातून पांढरं मूळ बाहेर पडतं. कोंबाला मात्र वेळ लागतो, कधी महिना कधी त्याहून जास्त, तोवर उपटून उपटून बघू नका (हे मी स्वतःलाच सांगतेय खरं तर). म्हणजे वेलाला दहा पानं असतील तर नीट कापल्यावर दहा रोपं होऊ शकतात, नुसती पानं तोडली तर दहा पानंच राहणार.

पाणी आठवड्यातून एकदा तरी बदला, बाटली बुळबुळीत लागली की समजा उशीर झाला. आणि मुळं हातभर होईपर्यंत पाण्यात ठेवू नका, पाण्यातली मुळं मातीत लगेच रुळत नाहीत, तीन ते पाच सेंटीमीटर झाली की कुंडीत लावून पहिले आठ-पंधरा दिवस माती ओलसर राहू द्यायची.

आणि हे डोळ्याचं मी एवढं ताणून धरतेय त्याला कारण आहे, या वेलाला बी मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. मूळचा हा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा, आणि लागवडीतल्या वेलाला आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद 1964 ची आहे. फूल का येत नाही तेही 2016 मध्ये शोधून काढलंय, जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवणारं त्याचं एक जनुक नीट काम करत नाही. म्हणजे जगभर घराघरांत लटकतायत ते वेल एकातून दुसरा कापत कापतच इथवर आलेत, पान लावून होत असतं तर काय हवं होतं.

अजून एक, चौकटीत मांजर आणि लहान मुलांचं काहीच नव्हतं. या वेलाच्या सगळ्या भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. कापताना चीक लागून काहींच्या हाताला खाज सुटते, तेव्हा हात धुवा. कटिंगची बाटली साधारण खिडकीत नाहीतर टेबलावर हाताशीच ठेवलेली असते, म्हणून हे छापायला हवं होतं असं मला वाटतं.

तर दुरुस्ती छापा ही विनंती, आणि जमलं तर पेराचा फोटो टाका, शब्दांत सांगून ते पटकन कळत नाही. पेर नसलेल्या पानाचा फोटो हवा असेल तर माझ्या टेबलावर पाच आहेत, अजून हिरवीगार.

आपली,
एक नियमित वाचक