नाडी न लागणाऱ्या आप्पांसाठी

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मराठी बोलता, पण वाचता की नाही, हे विचारायचं राहिलं. नसेल येत तर वॉर्डातलं कुणीतरी वाचून दाखवेल. बेळगावात त्याची अडचण नाही.

लावणीच्या दिवसांतली ती रात्र. आप्पांना जांबोटीहून आणताना आधी एका दवाखान्यात थांबलो होतो. तिथं नाडी लागेना, बीपीचं मशीन नुसतंच फुगत होतं. माणूस गेल्यात जमा, असे चेहरे झाले सगळ्यांचे. आप्पा शुद्धीवर होते; मलाच विचारत होते, गाडीत डिझेल आहे का.

तुम्ही नाडी शोधत बसला नाहीत. कमरेची बॅटऱ्यांची पिशवी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाला बसवलेल्या, रक्त ढकलणाऱ्या पंपाची घरघर ऐकली, गळ्यातलं कार्ड वाचलं आणि विचारलंत, "मामा, शी काळी होऊलीया काय?" आप्पा लाजले. चार दिवस डांबरासारखी होत होती! लोहाच्या गोळ्यांनी होत असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पाठदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांचंही तेव्हाच बाहेर आलं.

मग मधुमेहाच्या पेशंटांचे पाय तपासायचा छोटा डॉप्लर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, मागवून तुम्ही दाब घेतलात. ६२. पंप रक्त सलग ढकलतो, म्हणून ठोका हाताला लागत नाही, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलंत, तेव्हा कुठं माझ्या पायांतली थरथर थांबली.

रिपोर्ट आले : हिमोग्लोबिन ६.४, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, ४.१. खरं तर तो २ ते ३ मध्ये असायला हवा. रक्त पुन्हा घट्ट करणारं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन भरून तयार होतं. तुम्ही म्हणालात, आधी बेंगळुरूच्या पंपवाल्यांना फोन. त्या एका वाक्यासाठी हे पत्र. रक्त एकदम घट्ट झालं असतं तर पंपातच गुठळी धरायची भीती, हे आम्हाला मागाहून कळलं. फोनवर ठरलं : गुठळी होऊ नये म्हणून चालू असलेल्या वॉरफॅरिन आणि ॲस्पिरिन या गोळ्या तूर्त बंद, इंजेक्शन नको, रक्त द्यायचं ते पांढऱ्या पेशी गाळलेलं. पुढे हृदय बदलायची वेळ आली, तर अंगात नको ती प्रतिद्रव्यं तयार झालेली नसावीत म्हणून. ते रक्त मिळेपर्यंत किती ठिकाणी फोन लावलेत तुम्ही!

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. जठरात नाजूक रक्तवाहिन्यांचा झुबका, तिथूनच पाझर. पंपातून जाताना रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचे लांब धागे तुटतात आणि ठोक्याविना रक्त वाहिलं की आतड्यात असल्या वाहिन्या वाढतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे गोळ्यांनी निमित्त केलं, मूळ दुखणं पंपाचंच. जागा डागून बंद केली.

आता वॉरफॅरिन पुन्हा सुरू आहे, ॲस्पिरिन मात्र कायमची बंद. आप्पांचा पंप हार्टमेट ३. त्याच पंपाच्या ६२८ रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिनशिवाय रक्तस्राव कमी झाला, गुठळ्या काही वाढल्या नाहीत, असं २०२३ मध्ये दिसलं. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी त्यावरूनच ठरवलं. दुखण्यावरच्या गोळ्यांचं तर घरात नावच काढायचं नाही. रोज सकाळी आई शौचाचा रंग विचारते, आप्पा रोज चिडतात.

तुमचा वॉर्ड बदलला असं कळलं. नवा कुठला, तेवढा निरोप द्या. भात मळून झालं की बासमतीची पिशवी घेऊन आप्पा स्वतः येणार आहेत. नको म्हणू नका, ते माझंसुद्धा ऐकत नाहीत.

आपला नम्र,
आप्पांचा धाकटा