‘झटपट’ स्वयंपाकाचे घड्याळ सुरू तरी कधी होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरदार आईवडिलांसाठी म्हणून पुरवण्यांत ज्या ‘झटपट’ पाककृती छापल्या जातात, त्यांच्याविषयी एक तक्रार आहे. पाककृती बहुधा चांगल्या असतात, खोटी असते ती वर लिहिलेली वेळ. ‘२० मिनिटांत मटकीची उसळ’ असा मथळा आणि साहित्यात पहिलेच नाव ‘मोड आलेली मटकी २ वाट्या’. त्याखाली ‘कांदा-खोबऱ्याचे भाजलेले वाटण अर्धी वाटी’. म्हणजे घड्याळ लावले ते मोहरी तडतडल्यावर. मटकी भिजायला ८ तास, मोड यायला उन्हाळ्यात १०-१२ आणि थंडीत २४ तास, वाटणाला अर्धा तास, वर मिक्सरचे भांडे घासायचे ते वेगळेच. हे सगळे कोणीतरी, कधीतरी उरकून ठेवले आहे असे लिहिणाऱ्याने धरून चाललेले असते. संध्याकाळी साडेसातला चपला काढणाऱ्या माणसाला ती २० मिनिटे काय कामाची? काल रात्री काय करून ठेवायला हवे होते, ते त्याला कोणी सांगत नाही.

आठवड्याच्या स्वयंपाकात वेळ खाते ती फोडणी नव्हे, तर ‘आज काय करायचे’ हा प्रश्न आणि चुकलेला क्रम. त्यावर पदार्थांची भलीमोठी यादी करून उपयोग नसतो, ती तिसऱ्या दिवशी मोडते. वार भाजीच्या जातीवर वाटावेत आणि ती वाटणी भाजी किती टिकते त्यावर करावी. रविवारी बाजार झाला तर सोमवारी मेथी किंवा चवळई, मंगळवारी पालक, बुधवारी भेंडी-गवार, गुरुवारी कडधान्य, शुक्रवारी दुधी, कोबी किंवा लाल भोपळा. न कापलेला भोपळा कितीही दिवस वाट पाहतो, मेथी पाहत नाही. मेथी निवडून ठेवायची असेल तर धुऊ नये. कोरडीच कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर ३-४ दिवस राहते. धुऊन ठेवलेली दुसऱ्याच दिवशी चिकट होते, कारण पानांत अडकलेले पाणी ती कुजवते. भेंडीचे उलटे: आधी धुवावी, पुसून पूर्ण कोरडी करावी, मग चिरावी. ओल्या भेंडीवर सुरी फिरली की तार सुटते आणि मग कितीही आमसूल घातले तरी डब्यात ती गोळा होऊनच पोचते. बटाटा, वांगे आदल्या रात्री चिरून ठेवायच्या भाज्या नव्हेत, फरसबी आणि गाजर खुशाल ठेवावेत.

कुकरविषयी थोडे सविस्तर, कारण चार माणसांच्या घरात रात्रीचे जेवण त्याच्यावरच उभे असते. तळाला दोन वाट्या पाणी, खालच्या डब्यात तुरीची डाळ १ वाटीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. वरच्या डब्यात तांदूळ १ वाटीला २ वाट्या पाणी. डाळ अर्धा तास भिजलेली असेल तर ३-४ शिट्ट्या आणि त्यानंतर मंद आचेवर ५ मिनिटे पुरतात. शिट्टी म्हणजे काही घड्याळ नव्हे. मोठ्या आचेवर ती भराभर वाजते आणि डाळ कच्ची राहते. आत दाबामुळे चढलेले सुमारे १२० अंश तापमान किती वेळ टिकले, त्यावर शिजणे ठरते. बंद केल्यावर घाईने शिट्टी उचलू नये. दाब एकदम उतरला की डब्यातले वरण उसळून बाहेर येते आणि भातात पिवळे पाणी शिरते. १० मिनिटांनी तो आपोआप उतरतो, तेवढ्यात कोशिंबीर होते. (कोशिंबिरीत मीठ पान वाढताना, आधी नाही.)

डाळ शिजतच नाही, असे अनेक घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पाण्याचा किंवा घाईचा असतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशी बांधून धरते आणि आंबटाने तेच होते. म्हणून टोमॅटो, चिंच, कोकम डाळ शिजल्यावरच. सोड्याने डाळ लवकर मऊ होते हे खरे, पण त्याबरोबर तिच्यातले ब-१ जीवनसत्त्व जाते. त्यापेक्षा गाळलेले पाणी घ्यावे आणि डाळ तासभर जास्त भिजवावी. डाळ फार जुनी असेल तर मात्र काहीही करून ती दाणेदारच राहते, ती मिक्सरमधून काढून थालीपिठात घालावी.

एका वेळी दीडपट डाळ लावावी. फोडणी न देता बाजूला काढलेली शिजलेली डाळ फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहते. पहिल्या रात्री साधे वरण, दुसऱ्या रात्री त्याचीच गोडा मसाला आणि चिंच-गूळ घालून आमटी, किंवा चिरलेला पालक टाकून पातळ भाजी. चव बदलली की मुले ‘परत तेच’ म्हणत नाहीत, आणि तुमचा कुकर एक दिवस घासायचा वाचतो.

भाताला हा नियम लावू नये, आणि हे जरा जोर देऊन सांगावेसे वाटते. पहाटे पाचला एकदाच भात लावून डबेही भरायचे आणि उरलेला कुकरमध्येच झाकून रात्रीपर्यंत ठेवायचा, ही कामावर जाणाऱ्या घरांतली सर्रास सवय आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवून मरत नाहीत. कोमट, ओलसर भातात ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष नंतर भात उकळता गरम केला तरी जात नाही. मुंबई-कोकणच्या दमट मे महिन्यात तर दुपारपर्यंतच भात बिघडू शकतो, आणि वास न येताही. उरवायचाच असेल तर परातीत पसरून निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये टाकावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. थंड भाताचा दाणा मोकळा होतो, म्हणून फोडणीच्या भाताला तोच उत्तम. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला मात्र मुलाच्या डब्यात देऊ नये.

वाटण हा दुसरा मोठा आधार. ४ मध्यम कांदे, १ वाटी किसलेले सुके खोबरे, १५ लसूण पाकळ्या, २ इंच आले. कांदा दोन चमचे तेलावर पूर्ण तपकिरी होईपर्यंत परतायला १२-१५ मिनिटे लागतात, त्यात सूट नाही. कच्चा किंवा अर्धवट कांदा वाटला की वाटण कडू होते. खोबरे वेगळे, मंद आचेवर ३-४ मिनिटे. कांद्याबरोबर टाकले तर ते आधी जळते. सगळे गार झाल्यावरच मिक्सरला लावावे, गरम असताना वाफ कोंडून झाकण उडते. वाटताना पाण्याऐवजी थोडे तेल घातले तर फ्रिजमध्ये ५ दिवस टिकते. बर्फाच्या साच्यात गोठवले तर महिनाभर. ओल्या नारळाचे वाटण दोन दिवसांच्या वर ठेवू नये, ते आंबते. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे मात्र गोठवणुकीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. तिथे सुके खोबरे, तीळ आणि दाणे भाजून त्यांचे कोरडे कूट करावे आणि कांदा आयत्या वेळी परतावा. दाण्याचे कूट पावसाळ्यात बाहेर खवट होते, म्हणून एका वेळी पाव किलोच्या वर करू नये.

मोडांचे गणित सोपे आहे, पण एक रात्र चुकली की सगळे बिघडते. पाव किलो मटकी मोड येऊन साधारण दुप्पट होते, चार जणांची एक भाजी आणि एक मिसळ त्यात निघते. भिजल्यावर पाणी पूर्ण निथळून फडक्यात बांधावी. पाणी राहिले तर मोडांऐवजी वास येतो. मोड आल्यावर फ्रिजमध्ये टाकली की वाढ थांबते आणि ती ३ दिवस थांबू शकते. शिजवायची कढईत, झाकणावर पाणी ठेवून १५ मिनिटे. कुकरमध्ये एका शिट्टीच्या पुढे गेलात तर पिठले होईल. भिजवायचेच विसरले तर? अख्खा मसूर न भिजवता ४-५ शिट्ट्यांत शिजतो. चवळी, मूग कडकडीत पाण्यात तासभर झाकून ठेवले तरी चालतात. राजम्याला मात्र पळवाट नाही. तो रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे आणि अगदी मऊ होईपर्यंत शिजवावा, अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात. आणि कडवे वाल हे नोकरदाराचे आठवड्याचे कडधान्य नव्हेच. सुट्टीच्या दिवशी सर्वांनी बसून सोलावेत आणि डाळिंब्या गोठवून ठेवाव्यात.

पोळ्यांचे काय, हा खरा प्रश्न. चार डबे म्हटले की सकाळी १४-१५ घडीच्या पोळ्या लागतात, त्याला अर्धा किलो कणीक. रात्रीच भिजवावी: सुमारे ३०० मिलिलिटर पाणी, मीठ, दोन चमचे तेल. रात्रभरात ती आणखी सैल होते, म्हणून आदल्या रात्री जरा घट्टच मळावी. वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की काळी पडत नाही. काळेपणा हवा लागल्याने येतो. तेवढ्यावरून ती वाईट झाली असे नाही, आंबट वास आला तर मात्र टाकावी. लाटण्याआधी २० मिनिटे बाहेर काढावी, थंड कणकेची पोळी कडेला चिरते. भाजलेली पोळी तशीच डब्यात बंद केली की तिच्याच वाफेने ओली होते. कापडावर ३-४ मिनिटे पसरावी, मग घडी घालून भरावी. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या विकत आणून घरी फक्त भाजी-आमटी करण्यात काहीही कमीपणा नाही. कोणाला त्यात अपराधी वाटत असेल, तर त्याने उद्या सकाळी पंधरा पोळ्या लाटून पाहाव्यात.

नाश्त्याचा फार विचार करू नये. अर्धा किलो रवा एकदाच मंद आचेवर खमंग भाजून ठेवला तर उपम्याला १० मिनिटे लागतात. १ वाटी रव्याला अडीच वाट्या पाणी. आंबोळीचे पीठ, ३ वाट्या तांदळाला १ वाटी उडीद डाळ, फुगल्यावर फ्रिजमध्ये ३ दिवस जाते. संकष्टीला घरातले निम्मे उपवासाचे आणि साबुदाणा भिजवायचा राहिलेला, असे झाले तर वरईचा भात आणि दाण्याची आमटी. दोन्ही न भिजवता २० मिनिटांत होतात, ही वेळ खरी आहे. चिकन गोठवलेले असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवावे. दिवसभर ओट्यावर सुटायला ठेवू नये, आणि एकदा सुटलेले परत गोठवू नये.

आता या सगळ्यात ‘करावे, ठेवावे’ हे कोणी, असे विचारले जाईल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. आणि मुळात असे काम करणारे पुरुषच २६ टक्के होते. पाककृतींच्या भाषेतही ते दिसते: ‘पतीची मदत घ्या.’ मदत दुसऱ्याच्या कामात करतात. कामे वाटताना पदार्थ वाटू नयेत, वेळ वाटावी. रात्रीचे काम (भिजवणे, मळणे, निवडणे, उद्याचे भांडे बाहेर काढणे) पूर्णपणे एकाचे, आणि सकाळची शेगडी दुसऱ्याची. ‘सांग, मी करतो’ म्हणणाऱ्याने निम्मे काम केलेलेच नसते, कारण सांगणे हेच त्यातले निम्मे काम. मटकी भिजवायची आठवण ज्याची त्यानेच ठेवायची. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मटार सोलणे, पोहे चाळणीत धुणे आणि ताटे घेणे जमते. पोहे त्याने जरा जास्त भिजवले तर एक दिवस गचका खावा.

पाककृती जरूर छापा. मात्र प्रत्येकीच्या डोक्यावर तीन गोष्टी द्या: आदल्या दिवशीची तयारी, घासावी लागणारी भांडी, आणि उरल्यास किती दिवस, कसे ठेवायचे. आणि वेळ लिहिताना फ्रिज उघडल्यापासून मोजा.

सुरुवात पिठल्यापासून करता येईल, कारण त्याची वेळ लपवाछपवीची नाही. १ वाटी बेसन एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. गरम पाण्यात बेसन टाकले की गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजते आणि आतले पीठ कोरडे राहते, गुठळी होते ती अशी. कढईत ३ चमचे तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, २-३ मिरच्या, एक चिरलेला कांदा. त्यावर अडीच वाट्या पाणी व मीठ घालावे आणि उकळी आली की कालवलेले पीठ बारीक धारेने ओतत ढवळत राहावे. झाकण ठेवून मंद आचेवर ५-६ मिनिटे. कडा सुटू लागल्या आणि कच्च्या पिठाचा वास गेला की झाले. ताटात घट्ट होते, म्हणून थोडे पातळच उतरवावे. कांदा चिरण्यापासून १८ मिनिटे, भांडी दोन, रात्री उरलेच तर सकाळी पोळीबरोबर.

कळावे,
एक वाचक, कल्याण