शेजारच्या खुर्चीतल्या बाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तिसऱ्या केमोनंतर बोटांना मुंग्या येऊ लागल्या, शर्टाची बटणं लावता येईनात. घरच्यांना बोललो नाही. ते आधीच धास्तावलेले. शेजारच्या खुर्चीत सलाईन लावून बसलेल्या बाईंनीच विचारलं, "केमोत पॅक्लिटॅक्सेल औषध चालू आहे का? आजच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करता येतो." मी आपला सोसायचंच असतं असं धरून चाललो होतो! तोंडातली धातूसारखी चव, स्कॅनच्या आदली रात्र, यातलं काहीच त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

पण ही गाठ (ती दुसरी नव्हे) निव्वळ योगायोगाने पडली. पहिल्याच केमोला, सूचनांच्या कागदासोबत, उपचार पार पाडलेल्या एखाद्या रुग्णाशी ओळख करून द्यायला रुग्णालयांची काय हरकत आहे? त्याने औषधं तेवढी सुचवू नयेत.

– एक रुग्ण