सातव्या कळीची गोष्ट

महोदय,

गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या सुनेने दादर स्टेशनबाहेरून मोदकाचा साचा आणला. साठ रुपयांना. “बाबा, हा बघा, तीन बाजूंनी उघडतो. मोदकाचं टोक मोडत नाही,” म्हणत तिने तो माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला, साच्याच्या आतून बोट फिरवलं आणि सातव्या कळीपाशी थांबलो. अकरा कळ्यांतली ती एकच कळी केसभर जाड आहे. ती तशी का आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. २००९ च्या श्रावणात भांडुपच्या गाळ्यात रात्री दोन वाजता या साच्याच्या डायचं, म्हणजे ज्या पोलादी ठशात प्लॅस्टिक दाबून असे साचे निघतात त्याचं, फिनिशिंग मी स्वतः केलं होतं. सकाळी डाय मोल्डिंगला जायची होती, डोळे मिटत होते, आणि त्या एका जागी कानस कमी चालली. पहिली खेप आली तेव्हाच चूक दिसली. पण सीझन तोंडावर आला होता. म्हटलं, मोदक वाफवल्यावर कोण कळ्या मोजत बसतंय.

सुनेने आणलेल्या साच्याच्या पाकिटावर ‘मेड इन पीआरसी’ असं छापलंय. पीआरसी म्हणजे पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना. ‘चायना’ हा शब्द गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून काढलेली ही पळवाट. थोडक्यात, माझी चूक चीनला जाऊन कंटेनरमधून परत आली.

आपल्या सदरात स्वस्त परदेशी मालाविरुद्ध दर सणाला पत्रं येतात. बहिष्कार घाला, आयात थांबवा वगैरे. या मालाने इथले गाळे बंद पाडले हे खरं आहे, माझाही त्यातच गेला. पण त्या सातव्या कळीचा प्रवास सांगितला नाही तर ही गोष्ट अर्धीच राहते, म्हणून लिहितोय.

आधी मालाविषयी. माझा साचा पॉलिप्रॉपिलिनच्या नव्या, फूडग्रेड दाण्याचा होता. या प्लॅस्टिकची पातळ पट्टी ठेवली की तीच बिजागरीचं काम करते, हजारो वेळा उघडझाप झाली तरी तुटत नाही. सॉसच्या बाटलीचं झाकण बघा, तेच तत्त्व. सुनेच्या साच्याची पट्टी मी दोनदा वाकवली तर ती पांढरी पडली. भंगार प्लॅस्टिकचा दाणा मिसळला की असं होतं. नाकाशी धरला तर जळकट वास. भाग जुळतात तिथे प्लॅस्टिकची बारीक धार सुटलेली, आम्ही तिला फ्लॅश म्हणतो. डाय झिजली तरी चालवतच राहिलं की ती येते. उकडीच्या पारीला ती ओरखडे काढते. आणि यात गरम उकड भरून आपण देवाला नैवेद्य दाखवायचा.

यावर कोणीही म्हणेल, चायना माल आहे, चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक. मुंबईत ‘चायना’ हे आता देशाचं नाव राहिलेलं नाही, विशेषण झालंय. गळे कापणारा नायलॉनचा मांजासुद्धा ‘चायनीज’. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा त्यातला कितीतरी आपल्याच देशातल्या कारखान्यांत निघत असल्याचं दिसलं. उलट माझ्या शेजारच्या गाळ्यात एक चिनी सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन बारा वर्षं कुरकुर न करता चाललंय. त्याला मात्र ‘चायना’ कोणी म्हणत नाही, ‘इम्पोर्टेड’ म्हणतात.

चीनच्या झेजियांग प्रांतात यिवू म्हणून शहर आहे. छोट्या वस्तूंच्या घाऊक बाजारात जगात त्याच्याएवढं मोठं दुसरं नाही. क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रेहमान स्ट्रीटकडचे व्यापारी तिथे माल उचलायला जातात. माझ्या ओळखीच्या एका शेठजींनी सांगितलं की तिथला दुकानदार आधी एकच विचारतो, कुठल्या भावात? युरोपातला गिऱ्हाईक त्याच दुकानातून तीच वस्तू चांगल्या दर्जाची नेतो. आपला माणूस म्हणतो, अजून दोन रुपये पाड. तो पाडतो. दाण्यात पाडतो, पट्टीच्या जाडीत पाडतो. म्हणजे दर्जा ठरला मोहम्मद अली रोडवर आणि शिव्या पडल्या बीजिंगला.

आता माझं पाप. १९८७ च्या सुमाराला मी साकीनाक्याला भाड्याच्या जागेत काम करत होतो. नागदेवी स्ट्रीटवरचे एक व्यापारी जपानी टॉर्च घेऊन आले. स्मगलिंगचा माल, त्या काळी ‘फॉरेन’चा म्हणून मिरवायचा. म्हणाले, “सेम टू सेम पाहिजे.” मी व्हर्नियर घेऊन बसलो, दोन दिवस मापं काढली, डाय केली. टॉर्चच्या बुडाशी कंपनीचं नाव उठवलेलं होतं. त्यातलं एक अक्षर बदलून तेही पोलादात कोरलं. त्या पैशांतून माझ्या पहिल्या लेथचं डाउन पेमेंट झालं. लाज? अजिबात नाही. आजूबाजूचे कारागीर बघायला आले, पाठ थोपटून गेले. ओरिजिनलच्या शेजारी ठेवलं आणि ओळखता आलं नाही, याहून मोठी शाबासकी आमच्या धंद्यात नव्हती. तो टॉर्च मुळात कोणी तरी कागदावर काढला असेल, त्याचेही डोळे मिटत असतील, हे त्या सगळ्या वर्षांत एकदाही मनात आलं नाही. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या विनोदावर आख्खी मुंबई हसायची. हसायचीच. त्यात कोणाचं काही गेलंय असं कोणालाच वाटत नव्हतं. आजही ‘फर्स्ट कॉपी आहे’ असं दुकानदार सांगतो तेव्हा आवाज खाली करत नाही.

मग माझ्या साच्याची पाळी आली. पहिल्या वर्षी मी तो एकशे वीस रुपयांना दिला, लालबाग-गिरगावात हातोहात गेला. २०१० च्या गणपतीत तोच साचा ऐंशी रुपयांना हजर, सातव्या कळीसकट. चीनमधून नाही, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून असलेल्या गाळ्यातून. डाय करणारा मुलगा सहा वर्षं माझ्या हाताखाली होता. मी त्याला गाठलं. खाली मान घालून तो म्हणाला, “काका, पार्टीने सॅम्पल दिलं, मी केलं.” हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं होतं! त्याला काय बोलणार? चहा पाजला आणि परत आलो. आणखी दोन वर्षांनी चिनी साचा पंचेचाळीस रुपयांना आला आणि आम्हा दोघांचाही धंदा बसला. यिवूपर्यंत माझा साचा आपल्या पायांनी गेला नसणार, इथल्याच कोणाच्या तरी बॅगेतून गेला असणार.

मी वकिलाकडे गेलो होतो, नाही असं नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, विक्री कधी सुरू केलीत? म्हटलं, गेल्या वर्षी. त्यांनी फाइल मिटली. डिझाइन कायदा, २००० सांगतो की जे डिझाइन आधीच लोकांसमोर आलं ते नोंदवता येत नाही. आधी अर्ज, मग बाजार. पेटंट आणि ट्रेडमार्कचं ऑफिस मुंबईतच अँटॉप हिलला आहे, बौद्धिक संपदा भवन. माझी चाळीस वर्षं डाय करण्यात गेली आणि मी त्या इमारतीचं दार पाहिलं नव्हतं. डिझाइनच्या अर्जाची सरकारी फी आज लहान उद्योगाला हजार रुपये आहे, म्हणजे डायच्या नुसत्या पोलादाच्या किमतीपुढे काहीच नाही. अर्थात नोंद असती म्हणून निभावलं असतं असंही नाही. नक्कल करणाऱ्याकडून कायद्याने मिळणारी ठरीव रक्कम पंचवीस हजारांपर्यंत, आणि एका डिझाइनमागे सगळी मिळून पन्नास हजारांवर जात नाही. त्याहून जास्त हवं तर मनाई हुकूम आणि भरपाईचा दावा लावा, तारखा मोजा. नक्कल करणाऱ्याचं गणित यात पक्कं बसतं.

कोणी म्हणेल, नक्कल करूनच देश वर येतात. यात तथ्य आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मन मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हणणारा माणूस जर्मनच होता, यंत्रशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ रूलो. (जवळजवळ चौकोनी भोक पाडणारं ड्रिल ज्या त्रिकोणावर चालतं, त्याला त्यांचंच नाव आहे.) तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगनचे चाकू इंग्लंडमधल्या नावाजलेल्या शेफिल्डच्या नावाने विकले जात. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचं नाव टाकायला लावलं, जर्मनांची नाचक्की व्हावी म्हणून. पुढे ‘मेड इन जर्मनी’ याच शिक्क्यासाठी आम्ही कारागीर जादा पैसे मोजू लागलो. जपानचंही तसंच झालं. आणि चीन? १९८५ मध्ये तिथे पहिला पेटंट कायदा लागू झाला आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांत त्याने अमेरिकेला मागे टाकलं. आपण ‘चायना माल’ म्हणून हसत होतो तोवर त्यांनी नक्कल करता करता स्वतःचं काढायला घेतलं.

औषधांचं मी यात धरत नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर द्यायचं, असं संसदेने समजून-उमजून ठरवलं होतं. त्याच जोरावर २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधं एका रुग्णाला वर्षाला साधारण ३५० डॉलरला देऊ केली, मोठ्या कंपन्या दहा हजारांच्या वर घेत असताना. तो उघड ठरवलेला, उघड सांगितलेला रस्ता होता, नाव आपलं टाकून. टॉर्चच्या बुडाशी एक अक्षर बदलण्याशी त्याची गाठ कोणी घालू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे. २०११ च्या आवेष्टित (म्हणजे पाकीटबंद) वस्तू नियमांप्रमाणे आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि मूळ देश छापावा लागतो. सुनेने आणलेलं पाकीट मी उलटसुलट करून पाहिलं, ‘पीआरसी’खेरीज त्यावर काही नाही. कोणी मागवला, कुठे राहतो, तक्रार कोणाकडे करायची, काही नाही. खेळण्यांच्या बाबतीत १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, देशी-विदेशी दोघांनाही. शिक्क्यावरचा लायसन्स नंबर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) ॲपवर कोणीही तपासून पाहू शकतो. तोंडात जाणाऱ्या पदार्थाला लागणाऱ्या साच्याचं तसं काही तरी व्हायला हवं. वैधमापनच्या, म्हणजे वजनमापं आणि पाकिटांवरचा मजकूर तपासणाऱ्या खात्याच्या, निरीक्षकांनी सणाच्या आधी आठवडाभर दादरला नुसती पाकिटं वाचत फिरावं. आणि आपण बहिष्काराची पत्रं छापता तशी एक बातमी वार्ताहराकडून करून घ्या: या मालामागे इथली नावं कोणाची आहेत.

चतुर्थीला सुनेने त्याच साच्याने मोदक करायला घेतले. बारावा मोदक काढताना बिजागरी तुटली. उरलेले नऊ मी साच्याचे तुकडे मुठीत आवळून दाबले, ती उकड मळून देत होती. सगळ्यांची सातवी कळी जाड आली.

आपला,
एक निवृत्त डायमेकर
भांडुप, मुंबई