काय सापडलं, त्याबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू दर वेळी पहिलं हेच विचारतेस, "काय सापडलं?" मी "खापरं" म्हटलं की तुझा आवाज पडतो. म्हणून आज नीट लिहायला बसले.

आमच्या पुरातत्त्वाच्या कामात खणणं वर्षातून दीड-दोन महिने, तेही परवानगी वेळेत आली तर. बाकी सगळी पायपीट. नदीचा काठ धरून गावोगाव हिंडायचं आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं, "तुमची पांढरी कुठंय?" बाबा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पिकते ती काळी, नांदते ती पांढरी. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचत जाते आणि टेकाड तयार होतं. आमच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा हा एक शब्द मला जास्त कामाला येतो.

परवा अशाच एका टेकाडाच्या उतारावर तळहाताएवढा तुकडा मिळाला. तांबडा, त्यावर काळ्या रेघांची जाळी. टिचकी मारली तर खणकन वाजला. जोर्वे! संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हापासून या भांड्यांना त्या गावाचं नाव आहे. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भट्टी अशी लावली, की खापर अजून वाजतंय.

त्याच लोकांचं मोठं गाव घोड नदीकाठी इनामगावला निघालं. १९६८ ते १९८३ तिथे खणत होते. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले. मेलेल्यानं उठून कुठे जाऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. (आई, "असल्या गोष्टींना कशाला हात लावतेस" हे तुझं वाक्य मला इथपर्यंत ऐकू आलं.)

आता बाबांचा प्रश्न. कायम कधी होणार? खरं सांगते, प्रकल्प संपला की माझं कामही संपतं. मागच्या महिन्यात शहरातल्या एका संग्रहालयात जागा देत होते. पगार बरा, डोक्यावर पंखा. मी नाही म्हणाले. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून फोनऐवजी पत्र. या खोऱ्यात यादीत नोंदलेल्या टेकाडाकडे जावं, तर जागेवर सपाट ऊस. जेसीबीला दोन दिवस पुरतात. जी उरलीत ती निदान कागदावर आणायचीत, आणि ते काम पंख्याखाली बसून होत नाही.

बाबा, आठवतं? मी चौथीत असताना तुम्ही गावामागच्या पांढरीच्या चार-पाच गाड्या आणून आपल्या वावरात पसरल्या होत्या. माझं पहिलं खापर मी त्याच ढिगातून उचललं, भातुकलीतला तवा म्हणून. तुम्हाला बोल लावत नाही. त्या मातीनं पीक तरारतं हे खरंच आहे. पण टेकाडाच्या कुठल्या अंगानं माती काढली होती, ओढ्याकडून की देवळाकडून, आणि खाली काही काळं, जळकं लागलं होतं का, तेवढं आठवून ठेवा. पाडव्याला येतेय, नकाशा बरोबर आणते.

आणि आई, माळ्यावरच्या डब्यातला तो तवा अजून असेल तर घासू नकोस.

तुमची,
धाकटी