क्रूझचे पैसे भरण्याआधी

भुसावळ

चि. निलेश यास नानांचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं बुकिंगचं पान मी चष्मा लावून नीट वाचलं. मुंबई-गोवा-मुंबई, दोन केबिन. एकीत तू, स्नेहल आणि ओवी. दुसरीत मी, तुझी आई आणि तुझी आत्या, फुई. तारखा सोयीच्या आहेत, भाडंही झेपेल असं आहे. फोनवरच बोललो असतो, पण तू मीटिंगमध्ये असतोस आणि तुझी आई मधेच फोन ओढून घेते, मग लाडू आणि लोणच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्या पानावर मला एकच ओळ खटकली. दोन्ही केबिनखाली लिहिलंय, 'कमाल ३ प्रवासी'. तीन माणसं मावतात हे कळलं. कोण कशावर झोपणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. माझी सगळी नोकरी डब्यात बर्थ वाटण्यात गेली, तेव्हा माझं लक्ष आधी तिकडेच जाणार.

जहाजावरच्या साध्या केबिनमध्ये बहुतेक करून खाली दोन अरुंद पलंग असतात. जोडले की डबल बेड, सोडवले की दोन सिंगल. तिसऱ्या माणसाला दोनच वाटा. एक तर सोफा उलगडून त्याचा बेड करतात, नाहीतर भिंतीत किंवा छतात घडी घालून ठेवलेला पलंग खाली ओढतात. त्याला पुलमन म्हणतात. दिवसा तो दिसतसुद्धा नाही, त्यामुळे फोटोत केबिन कशी ऐसपैस वाटते! रात्री केबिनचा स्टुअर्ड येऊन तो उघडतो आणि शिडी लावून जातो. मग खालच्याने दचकून उठायचं नाही, डोकं आपटतं. आणि रात्री बाथरूमला जायचं तर अंधारात शिडी चुकवत जायचं.

आता ही शिडी कोण चढणार ते सांग. फुईचे गुडघे तुला ठाऊक आहेत, ती घरातसुद्धा बाजेवरून उठताना भिंतीला हात लावते. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "मी काय माकड शे का शिडीवर चढाले?" राहिलो मी. मी चढेनही, पण माझ्या श्वासाच्या मशीनचं काय? ते रात्रभर उशाशी लागतं, त्याला सपाट जागा लागते आणि प्लग लागतो. वरच्या पलंगावर दोन्ही नाही. जुन्या जहाजांत तर बऱ्याचदा पलंगाजवळही प्लग नसतो, आरशासमोरच्या टेबलाशी असतो. एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्यावा म्हटलं तर बऱ्याच कंपन्या सर्ज प्रोटेक्टरवाले बोर्ड चेकिंगला काढून घेतात. मशीन आहे हे आधी कळवलं तर वायर जहाजावरच देतात. हे बुकिंग करतानाच लिहून घ्यायला सांग.

गाडीत असं काही झालं तर मार्ग निघायचा. वरचा बर्थ आलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मी डबाभर फिरायचो, एखाद्या कॉलेजच्या पोराला 'बाबा रे, तुझी आजी समज' म्हणून लोअर सोडायला लावायचो. जहाजात प्रत्येक केबिनला दार आणि दाराला कुलूप. अदलाबदल करणार कुणाशी?

बसवायला काय, कुठेही पलंग बसवता येतो. मागे रेल्वेने स्लीपरच्या डब्यात साइडला मधला बर्थ घातला होता. कागदावर डब्याची क्षमता वाढली, पण त्यावर ना धड बसता यायचं ना धड आडवं होता यायचं. लोकांनी इतकी ओरड केली की तो काढावा लागला. 'कमाल ३' वाचून मला तोच आठवला.

तू ज्या जहाजाचं म्हणतोस ते कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस १९९० साली बांधलेलं आहे, आधी ते रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं. त्या काळच्या केबिन आताच्या अवाढव्य जहाजांपेक्षा लहान असतात. म्हणून वाईट नाही, पण लहान खोलीत तिसरा पलंग कुठे आहे याला जास्त महत्त्व येतं. डेक प्लॅन म्हणून प्रत्येक मजल्याचा नकाशा मिळतो. त्यात केबिनच्या चौकोनात बारीक त्रिकोण, चांदणी, ठिपका अशा खुणा असतात आणि कोपऱ्यात त्यांचा अर्थ दिलेला असतो: कुठे सोफाबेड, कुठे वरचा पलंग, कुठे दोन केबिनच्या मधे दार. खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, तेव्हा अंदाजाने वाचू नको. एकाच भाड्याच्या, एकाच नावाच्या दोन केबिनमध्येही पलंग वेगवेगळे निघू शकतात. म्हणून चौकशी केबिनच्या नंबरावर कर. 'या नंबरात खालचे पलंग वेगळे होतात का, आणि तिसरा कशावर झोपतो' असं ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव. फोनवरचं 'हो सर, होऊन जाईल' मी जन्मभर ऐकलंय, थोडंफार म्हटलंयही.

गॅरंटीचं म्हणून स्वस्त भाडं दाखवतात, ते आपल्याला नको. त्यात केबिनचा फक्त वर्ग पक्का असतो, नंबर कंपनी नंतर देईल तो घ्यायचा. तुम्ही दोघंच असता तर मी काही बोललो नसतो.

माझ्या मते असं कर. आमच्यासाठी सोफाबेडची केबिन बघ. खालचे दोन पलंग वेगळे करून घ्यायचे, एकावर तुझी आई, एकावर फुई. सोफ्यावर मी. सोफ्याची गादी पातळ असते म्हणतात, ते मला चालेल, आणि सोफा बहुधा टेबलाजवळच असतो, म्हणजे प्लगही हाताशी येतो. तुमच्या केबिनला पुलमन असला तरी हरकत नाही, होस्टेलला तू वरच झोपायचास. फक्त ओवीला वर पाठवायचं मनात आणू नको. लहान मुलांना वरच्या पलंगावर बऱ्याच कंपन्या झोपू देत नाहीत, आणि देत असतील तरी मी देणार नाही. ती आईजवळ खाली झोपेल, तेव्हा तुमचे पलंग जोडलेले मागून घे.

आणि हो, ओवीचं नाव बुकिंगमध्ये घातलंयस ना? गाडीत पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट लागत नाही, कुशीत घेऊन झोपलं की झालं. जहाजात तान्हं बाळसुद्धा मोजतात, कारण लाइफबोटीत त्याचीही जागा धरावी लागते. याच हिशोबामुळे कधी कधी वरचा पलंग रिकामा असूनही त्या केबिनला तिसरा माणूस देत नाहीत. तिथे 'जरा सरका हो'ची सोय नाही.

दोन केबिन शेजारी हव्या असतील तर तेही नकाशातच बघ. बऱ्याच जहाजांत सम नंबर एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात, म्हणजे लागोपाठचे नंबर घेतले तर आपण जहाजाच्या दोन बाजूंना. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर हेलकावे कमी, हे तुला माहीत असेलच. नाचगाण्याच्या हॉलच्या लगत मात्र नको.

सोफाबेडची मिळालीच नाही तर फुईला वेगळी केबिन घे. एकट्या माणसाला बहुतेक ठिकाणी जवळपास दोघांचं भाडं लावतात, तिसऱ्या माणसासारखी सूट मिळत नाही. तो फरक मी देईन, फुईला त्यातलं काही कळू द्यायचं नाही. तिला कळलं तर 'माले नही येनं' म्हणून घरीच बसेल.

दोन्ही केबिनचे नंबर हाती आले की मला पाठव, मग पैसे भर. गाडीचं रिझर्वेशन मी इथून करतो. जहाजाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचू, ठाण्याला मामांकडे राहू आणि सकाळी बॅलार्ड पिअर गाठू. तीन लोअर मिळतील असं बघतो.

सौ. स्नेहलला आणि ओवीला आशीर्वाद.

तुझे
नाना

ता. क. ओवी झोपेत फार लोळते असं आई म्हणते. जोडलेल्या पलंगाला बाजूने लावायचा कठडा जहाजावर मिळतो का, तेही त्याच ईमेलमध्ये विचार.